गावाचे छायाचित्र आणि त्याची साक्ष

शिरवळ गावाशी, नीरा नदीच्या तीरावर, सुभानमंगळ नावाचा भुईकोट होता. १६४८ साली विजापूरच्या फौजेने तो बळकाविला आणि शिवाजी महाराजांच्या वतीने कावजी मल्हार याने तो झुंजून परत घेतला, ही हकीकत आपल्या भागातील मुले लहानपणापासून ऐकत असतात. आज त्या कोटाचा एक बुरूज कसाबसा उभा आहे व त्यावर देवीचे देऊळ आहे. कोटाची वेस कोणत्या दिशेस होती, तट कोठून कोठे गेला होता, नदीकडील बाजूस उतरण्यास वाट होती की नव्हती, असे एखाद्या जिज्ञासू मुलाने विचारिले, तर उत्तर देणारा मनुष्य शोधावा लागेल. लढाईचे वर्णन उरले. जागेचे चित्र उरले नाही. कोट पडला तो कालमानाने पडला. त्याचे रूप विस्मृतीत गेले, ते मात्र कोणी टिपून ठेविले नाही म्हणून.

त्या काळी टिपून ठेवण्याचे साधनच नव्हते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. आज साधन आहे. वरच्या वर्गांतील बहुतेक मुलांच्या घरी कॅमेरा असलेला मोबाइल असतो, आणि एखाद्या सणाच्या दिवशी एका घरात जितकी छायाचित्रे निघतात तितकी पूर्वी एका गावात वर्षभरात निघत नसतील. तरीही पन्नास वर्षांनी एखाद्या मुलास "हमरस्ता रुंद होण्यापूर्वी येथे काय होते?" असा प्रश्न पडला, तर ह्या असंख्य छायाचित्रांचा त्यास उपयोग होईल काय? बहुधा होणार नाही. ती कोठे काढली, केव्हा काढली, कोणत्या दिशेस तोंड करून काढली, हे कोठेही लिहिलेले नसते. आणि मोबाइल बिघडला किंवा बदलला की तीही त्याबरोबर नाहीशी होतात. म्हणून लोकांनी मिळून जमविलेल्या भौगोलिक चित्रसंग्रहास छायाचित्र कसे द्यावे, देताना त्याबरोबर काय लिहावे व काय मुळीच देऊ नये, याविषयी विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस चार गोष्टी सांगण्याचे योजिले आहे.

छायाचित्रणाची हौस आपल्या मुंबई इलाख्यात फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्या सभासदांत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थही होते. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने कॅप्टन बिग्ज यांस विजापूर, बदामी, ऐहोळे इत्यादी ठिकाणच्या प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमिले. मेजर गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या हुबेहूब रंगीत प्रती करण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. पण त्यांतील बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळून गेल्या. एकच वस्तू एकाच ठिकाणी ठेविली असता तिची काय गती होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याकडे पुढे पुन्हा वळू.

ह्या सर्व उद्योगात एक उणीव राहिली. सरकारास लेणी, घुमट आणि कोरीव खांब यांचे महत्त्व वाटले. आठवड्याचा बाजार, मोटेची विहीर, टांगा उभा करण्याची जागा, शाळेचे पटांगण, ह्यांची छायाचित्रे कोणी मुद्दाम काढविली नाहीत, कारण ती रोज दिसत होती. रोज दिसणारी वस्तूच सर्वांत आधी विसरली जाते.

ही उणीव भरून काढण्याचे दोन मोठे प्रयत्न इंग्लंडात झाले, ते जाणून घेण्याजोगे आहेत. १०८६ साली विल्यम राजाने आपल्या राज्यातील जमिनी, नांगर व माणसे यांची खानेसुमारी करविली होती. तिच्या वहीस डूम्सडे बुक म्हणतात. तिला ९०० वर्षे पुरी झाली तेव्हा, १९८६ साली, बी. बी. सी. ने नवी डूम्सडे वही तयार केली. देशाचे ४ किलोमीटर लांब व ३ किलोमीटर रुंद असे तुकडे पाडून ते ठिकठिकाणच्या शाळांस वाटून दिले. मुलांनी आपापल्या तुकड्यात हिंडून मोजकी छायाचित्रे काढिली व आपल्या भागातील लोक काय खातात, कोठे खेळतात, कशावर पैसा खर्च करितात, याचे लेख लिहिले. या कामास १० लाखांहून अधिक माणसांचा हात लागला. हे सर्व लेसरच्या तबकड्यांवर साठविले. आणि गंमत अशी, की १०८६ सालची चामड्यावरील वही आजही वाचिता येते. पण १९८६ सालच्या तबकड्या वाचणारी यंत्रे पंधरा-वीस वर्षांत दुर्मिळ झाली. मोठ्या खटपटीने त्यांतील मजकूर बाहेर काढून २०११ साली तो पुन्हा लोकांसमोर ठेवावा लागला.

दुसरा प्रयत्न म्हणजे २००५ साली सुरू झालेला 'जिओग्राफ'. ब्रिटन व आयर्लंड यांचा नकाशा १ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद अशा चौकोनांत विभागलेला आहे. असे चौकोन ३ लाखांहून अधिक भरतात. त्या प्रत्येक चौकोनाचे, त्या भूमीचे खरे रूप दाखविणारे, निदान एक छायाचित्र असावे असा संकल्प करून सामान्य लोकांनीच हे काम चालविले आहे. येथे नामांकित इमारतीस अधिक मान नाही आणि ओसाड माळास कमी मान नाही. एखाद्या चौकोनात केवळ चिखलाची पायवाट व एक फाटक असेल, तर त्याचेही छायाचित्र तितक्याच आदराने घेतले जाते. मात्र आलेले प्रत्येक छायाचित्र स्वयंसेवक तपासून पाहतात: ते सांगितलेल्या चौकोनातलेच आहे काय, त्यावरून त्या जागेची काही माहिती होते काय, आणि वर्णन पुरेसे आहे काय. छायाचित्र देखणे आहे काय, हा प्रश्न शेवटी येतो.

आपल्या पवित्र शास्त्राच्या वाचकांस ही कल्पना अगदीच नवी वाटू नये. यहोशवाने प्रत्येक वंशातून तीन तीन माणसे निवडून देशभर पाठविली, त्यांनी पायी हिंडून नगरांप्रमाणे देशाचे सात भाग करून ते वहीत लिहिले आणि ती वही शिलोच्या छावणीत आणून दिली, अशी हकीकत यहोशवाच्या पुस्तकात आहे. जाणारी माणसे मोजणीखात्यातील पगारी नोकर नव्हती. ज्यांना त्या भूमीवर राहावयाचे होते तीच होती. लोकांच्या चित्रसंग्रहाचे मर्म हेच आहे.

आपल्या देशासाठी जिओग्राफसारखी चौकोनांची योजना नाही. परंतु 'विकिमीडिया कॉमन्स' नावाचा जगाचा चित्रसंग्रह आपणांस खुला आहे. तो २००४ साली सुरू झाला. विकिपीडिया हा ज्ञानकोश जी संस्था चालविते तीच तो चालविते, आणि त्यात आज १० कोटींहून अधिक चित्रे व इतर फायली आहेत. छायाचित्र देण्यास पैसे पडत नाहीत व पाहण्यासही पडत नाहीत. वर्णन मराठीत लिहिता येते. जमल्यास इंग्रजीतही लिहावे, म्हणजे अधिक लोकांस सापडते. पुढे जे सांगितले आहे ते बहुतांशी ह्या संग्रहास अनुलक्षून आहे; पण घरची किंवा शाळेची चित्रवही करावयाची झाली तरी तेच नियम उपयोगी पडतील.

प्रथम विषयाची निवड. माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून लोणंदकडे येते, तो सोहळा पाहण्यास दुरून छायाचित्रकार येतात व हजारो छायाचित्रे नेतात. ती काढू नयेत असे नाही. परंतु आणखी एक काढल्याने संग्रहात फारशी भर पडत नाही. त्याऐवजी जे दुसऱ्या कोणास सुचणार नाही ते काढावे. शिरवळची जुनी दगडी पाणपोई, तिच्याजवळून जाणारा आजचा रस्ता, नैर्ऋत्येच्या डोंगरातील पांडवदरा लेण्यांकडे जाणारी वाट, नुसती लेणी नव्हेत, एस. टी. चा थांबा, जनावरांच्या दवाखान्यापुढील दावणी, ऊसतोडणीच्या टोळीच्या झोपड्या, कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांमागे दिसणारा डोंगर, चौपदरी व पुढे सहापदरी झालेल्या हमरस्त्याखालून शेतकऱ्यांनी बैलगाडी नेण्याचा बोगदा. ह्यांत सौंदर्य कमी असेल, पण माहिती फार आहे. एका विषयाची तीन छायाचित्रे पुरेत: एक दुरून, आजूबाजूचा प्रदेश दिसेल असे, एक जवळून, आणि एक त्यातील महत्त्वाचा भाग दाखविणारे. पहिले छायाचित्र मुले नेहमी विसरतात. दुरून घेतलेले छायाचित्र नसेल तर देवळाचा कोरीव खांब जगातील कोणत्याही देवळाचा होऊ शकतो.

वीरगळ, शिलालेख किंवा ख्रिस्ती स्मशानभूमीतील थडग्यावरील लेख यांची छायाचित्रे भर दुपारी काढू नयेत. सूर्य डोक्यावर असता खोदलेली अक्षरे सपाट दिसतात. सकाळी अथवा सायंकाळी बाजूने तिरपे ऊन पडते तेव्हा प्रत्येक अक्षराची सावली उठते व लेख वाचिता येतो. अक्षरे ठळक दिसावी म्हणून खडू, पीठ किंवा रंग चोळण्याची वाईट खोड कित्येकांस असते. त्याने दगडाची हानी होते. ती करू नये.

आता स्थळाविषयी. येथे शिरवळचेच उदाहरण फार उपयोगी आहे. नीरा नदी ही पुणे व सातारा या जिल्ह्यांची सीमा आहे. शिरवळच्या तीरावर उभे राहून उत्तरेकडे छायाचित्र काढिले, तर काढणारा सातारा जिल्ह्यात आहे आणि छायाचित्रात दिसणारा पलीकडचा तीर पुणे जिल्ह्यातला आहे. मग छायाचित्र कोठले म्हणावयाचे? दोन्ही गोष्टी लिहाव्या लागतात: कॅमेरा कोठे होता, आणि दिसणारी वस्तू कोठे आहे. संग्रहात या दोहोंसाठी निराळ्या जागा असतात. त्यासोबत दिशाही लिहावी. कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे होते हे कळले, की पुढे कोणी त्याच जागी उभे राहून तेच दृश्य पुन्हा टिपू शकतो, आणि दोन छायाचित्रे शेजारी ठेविली असता मधल्या काळात काय झाले ते आपोआप दिसते.

स्थळ अंकांनीही लिहितात. भूगोलाच्या तासास शिकलेले अक्षांश व रेखांश येथे खरोखरीच कामास येतात. अक्षांशाचा १ अंश म्हणजे भूमीवर सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा अंशाच्या दशांश चिन्हापुढे दोनच आकडे लिहिले तर १ किलोमीटरहून थोडी अधिक चूक संभवते, म्हणजे गाव कळेल पण घर कळणार नाही. चार आकडे लिहिले तर ती चूक ११ मीटरांवर येते, म्हणजे विहीर व तिच्या शेजारचे झाड यांतला भेद राहतो. रेखांशाचा अंश आपल्याकडे किंचित लहान, सुमारे १०६ किलोमीटरांचा असतो, कारण ध्रुवाकडे जाताना रेखांश जवळ जवळ येत जातात. मोबाइल हे आकडे स्वतःच नोंदवितो; परंतु लेण्याच्या आत, दाट झाडीत किंवा उंच भिंतींमध्ये तो चुकतो. म्हणून नकाशावर ताडून पाहिल्यावाचून ते आकडे खरे धरू नयेत.

नुसते गावाचे नाव लिहून भागत नाही. आपला तालुका खंडाळा. पण "खंडाळा" एवढेच लिहिले तर जग लोणावळ्याशेजारचे, पुणे जिल्ह्यातील घाटावरचे खंडाळा समजते. "नीरा" लिहिले तर ती नदी की पुरंदर तालुक्यातील त्या नावाचे गाव, हे कळत नाही. सर्वांत मोठा घोटाळा नायगावचा होतो. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी ज्या नायगावी झाला ते आपल्याच तालुक्यात आहे. परंतु एक नायगाव मुंबईत दादरपाशी आहे, एक वसईकडे आहे, आणि एक नांदेड जिल्ह्यात आहे. पन्नास वर्षांनी ते छायाचित्र शोधणाऱ्या मुलीने ते कोणत्या नायगावात शोधावे? गाव, तालुका, जिल्हा व राज्य ही चारही नावे प्रत्येक वेळी लिहिण्याचा कंटाळा करू नये.

तारखेचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. शिरवळहून भोरकडे गेले असता वेळवंडी नदीवरील भाटघर धरण लागते. हे धरण १९२८ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यात कांबरे गावाजवळचे एक जुने शिवमंदिर वर्षातील बहुतेक महिने बुडालेले असते. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी ओसरले म्हणजे ते थोडे दिवस उघडे पडते. त्या देवळाचे छायाचित्र महिना व वर्ष न लिहिता दिले, तर पाहणाऱ्यास वाटेल की देऊळ सदाच कोरड्या जागी उभे आहे. तारीख लिहिली, तर तेच छायाचित्र त्या वर्षी धरणाचे पाणी किती खाली गेले होते याची साक्ष देते. आणि दर वर्षी त्याच आठवड्यात तेथून एक छायाचित्र काढणारा विद्यार्थी दहा वर्षांत अशी सामग्री जमवील, जी पाटबंधारे खात्याच्या आकड्यांबरोबर ठेवून वाचिता येईल. कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. तारीख निश्चित आठवत नसेल तर "सुमारे" असे स्पष्ट लिहावे. अंदाज हा अंदाज म्हणूनच द्यावा.

वर्णन कसे लिहावे? "सुंदर निसर्ग", "आमचे गाव", "जुने दिवस" असली नावे काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी असे लिहावे: "नीरा नदीचे पात्र, शिरवळ, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा, महाराष्ट्र. दक्षिण तीरावरून उत्तरेकडे पाहताना. पलीकडचा तीर पुणे जिल्ह्यात आहे. पाणी काठाच्या दगडांखाली साधारण एक पुरुष उतरलेले. मे महिना, सकाळी ७ वाजता." यात एकही अलंकार नाही, पण भूगोल शिकणारा मनुष्य यावर अर्धा तास बोलू शकेल. ऐकीव गोष्ट लिहावयाची असेल तर "गावातील वृद्ध असे सांगतात" असे म्हणून लिहावी. आपल्याकडे प्रत्येक जुनी वस्तू पांडवकालीन ठरविण्याची चाल आहे; पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधल्याची कथा वर्णनात जरूर द्यावी, पण कथा म्हणून, बांधकामाचा काळ म्हणून नव्हे.

खरेपणाचा प्रश्न याहून गंभीर आहे. आता यंत्राच्या साहाय्याने छायाचित्रातील विजेचा खांब पुसून टाकिता येतो, ढगाळ आकाश निळे करिता येते, इतकेच नव्हे तर कधीही नव्हता असा किल्ल्याचा तटही उभा करिता येतो. उजेड थोडा कमीजास्त करणे किंवा तिरपे आलेले छायाचित्र सरळ करणे यास हरकत नाही. परंतु जी वस्तू तेथे होती ती काढणे, किंवा नव्हती ती घालणे, ही खोटी साक्ष होय. आणि खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा कॅमेऱ्यासही लागू आहे. खांब कुरूप दिसतो हे मान्य. पण गावात वीज कोठवर आली होती हे पुढे त्या खांबावरूनच समजावयाचे आहे. सुभानमंगळाच्या एका बुरुजाभोवती यंत्राने काल्पनिक तट रचून दिलेले चित्र संग्रहात शिरले, तर ज्या प्रश्नाने ह्या लेखास आरंभ झाला त्यास उत्तर मिळण्याऐवजी कायमचे चुकीचे उत्तर मिळेल.

माणसांची छायाचित्रे हा फार नाजूक विषय आहे, आणि येथे आमच्या मिशनांचाही इतिहास सर्वस्वी निर्मळ नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शेकडो माणसांची छायाचित्रे आहेत, पण बहुतेकांखाली त्यांचे नाव नाही, केवळ जात व तिचे गुणदोष लिहिलेले आहेत; जणू ती माणसे नव्हेत, नमुने होत. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात मिशनांच्या विलायतेतील पत्रांतून हाडे उरलेल्या मुलांची छायाचित्रे छापली गेली. त्यांनी मदतीचा पैसा जमला व त्याने पुष्कळांचे प्राण वाचले, यात संशय नाही. तथापि त्या मुलांस कोणी विचारिले नव्हते, व त्यांची नावेही बहुधा कोणी लिहिली नाहीत.

आपण तसे करू नये. नदीवर धुणे धुणाऱ्या बाया, अंगोळ करणारी माणसे, अंत्ययात्रा, आजारी अथवा भिक्षा मागणारा मनुष्य, यांची छायाचित्रे संग्रहास देऊच नयेत. बाजारातील गर्दीचे दुरून घेतलेले दृश्य चालते. परंतु एखाद्या माणसाचा चेहरा हाच छायाचित्राचा विषय असेल तर त्यास आधी विचारावे, छायाचित्र दाखवावे, आणि ते जगभर कोणासही दिसेल हे त्यास कळेल अशा शब्दांत सांगावे. "मोबाइलात ठेवतो" आणि "जगास देतो" यांत फार अंतर आहे. त्याने नको म्हटले तर तेथेच पुसून टाकावे. लहान मुलांची तोंडे ओळखू येतील अशी छायाचित्रे, आईबापांनी होय म्हटले तरीही, आमच्या मते देऊ नयेत. घरात काढलेल्या छायाचित्रात मोबाइल घराचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवितो, ही गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी व घरगुती छायाचित्रांपुरती ती सोय बंद करावी. धरणाची भिंत किंवा इतर ज्या ठिकाणी "छायाचित्र घेण्यास मनाई आहे" अशी पाटी असेल, तेथे वाद न घालता कॅमेरा खिशात ठेवावा.

पुढील मजकूर मुख्यतः पालकांसाठी आहे. संग्रहास छायाचित्र देणे म्हणजे ते कोणासही वापरण्याची लेखी मोकळीक देणे होय. ह्या मोकळिकीस 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवाना म्हणतात. तो घेणाऱ्याने छायाचित्रकाराचे नाव द्यावयाचे असते, आणि त्या परवान्याच्या एका प्रकारात, आपण बदल करून काढलेले चित्र त्याच अटींवर इतरांस द्यावयाचे असते. पण पुस्तकात छापून विकण्यासही तो मोकळा असतो. "केवळ शिक्षणासाठी वापरावे" अशी अट घातलेले छायाचित्र विकिमीडिया कॉमन्स स्वीकारीत नाही. आणि एकदा दिलेली मोकळीक परत घेता येत नाही. १८७२ च्या करारविषयक कायद्याने अज्ञान मुलास करार करिता येत नाही. म्हणून अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याने आईबापांस वाचून दाखविल्यावाचून व त्यांची संमती घेतल्यावाचून काहीही पाठवू नये. स्वतःचे खरे नाव देणे बंधनकारक नाही, टोपणनाव चालते. मुलांनी तेच घ्यावे.

दुसऱ्याने काढलेले छायाचित्र आपले म्हणून देणे ही चोरी आहे, मग ते इंटरनेटवर सहज का सापडेना. इमारती, आणि सार्वजनिक ठिकाणी कायमचे उभारलेले पुतळे, यांची छायाचित्रे घेण्यास १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात मोकळीक आहे. परंतु भिंतीवर चिकटविलेली जाहिरात, पुस्तकाचे मुखपृष्ठ किंवा कोणा चित्रकाराचे चित्र यांस ती मोकळीक नाही.

मग घरच्या पेटीतील जुन्या छायाचित्रांचे काय? आमच्या मते गावाच्या दृष्टीने खरे धन तेच आहे. आजोबांच्या लग्नाच्या छायाचित्रात मागे दिसणारी वेस आज उभी नसेल. ज्याने छायाचित्र काढिले त्याचा हक्क काही वर्षे टिकतो. स्वातंत्र्यापूर्वीच्या छायाचित्रांस सहसा अडचण येत नाही, पण त्यापुढील काळातील छायाचित्रांसाठी छायाचित्रकाराची अथवा त्याच्या वारसांची लेखी अनुमती घ्यावी. अनुमती मिळेपर्यंत घरी प्रत करून ठेवण्यास मात्र विलंब करू नये. जुने छायाचित्र स्कॅन करिताना त्याची मागील बाजूही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख व हस्ताक्षर तेथेच असते. ते चिकटवहीतून ओढून काढू नये, पुसू नये, त्यावर शाईने लिहू नये. आणि त्यातील माणसे कोण, जागा कोणती, हे घरातील सर्वांत वृद्ध माणसास लगेच विचारून वहीत उतरावे. छायाचित्र पुढच्या वर्षीही स्कॅन करिता येईल. सांगणारे माणूस पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

शेवटी साठवणुकीविषयी. अजिंठ्याच्या प्रतींचे व लेसरच्या तबकड्यांचे काय झाले ते वर आलेच आहे. संग्रहास दिलेल्या छायाचित्राचीही मूळ फाइल आपल्याजवळ दोन निराळ्या ठिकाणी ठेवावी. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठविलेले छायाचित्र आक्रसते, व त्याच्या पोटातील तारीख आणि स्थळ यांची नोंद गळून पडते. म्हणून ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे किंवा तारेने जोडून उतरून घ्यावे. फाइलला कॅमेऱ्याने दिलेले आकडी नाव तसेच न ठेविता गाव, वस्तू व वर्ष असे नाव द्यावे. आणि प्रत्येक छायाचित्राची एक ओळ साध्या कागदाच्या वहीत लिहावी: क्रमांक, स्थळ, दिशा, दिनांक, काढणाऱ्याचे नाव, विचारलेल्या माणसाचे होय अथवा नाही. सुट्टीत जे विद्यार्थी हे काम करितील त्यांनी शाळा उघडल्यावर छायाचित्रांबरोबर ती वही भूगोलाच्या शिक्षकांकडे आणावी. वहीवाचून आणलेली छायाचित्रे पाहिली जातील, पण पुढे पाठविली जाणार नाहीत.